चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी

उपचारानंतर माणूस बरा झाला, हे अखेर कोणाच्या शब्दावर मानायचे: ज्याचे दुखते त्याच्या, की जो मोजतो त्याच्या? पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या संधिवात विभागातील जुनी नोंदपत्रके चाळताना हा प्रश्न वारंवार समोर आला आणि प्रस्तुत लेखकाला त्याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही. त्या विभागात मोजणीचे काम करणाऱ्या हमीदा दादामियाँ मोमीन यांना मात्र ते उत्तर ठाऊक होते. निदान १९७९ च्या जुलै महिन्यातील एका सोमवारपर्यंत तरी तशी त्यांची खात्री होती.

हमीदाबाईंचा जन्म १९४१ चा, मोमिनपुऱ्यातला. वडील दादामियाँ शिंपीकाम करीत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दहाव्या वर्षापासून हमीदाबाई काजे करू लागल्या, बाराव्या वर्षी कॉलर बसवू लागल्या. दादामियाँची एक सवय गल्लीत सर्वांना माहीत होती. ते गिऱ्हाइकाला कधीही कमरेचे माप विचारीत नसत. गिऱ्हाइकाने आपण होऊन सांगितले तरी ते ऐकले न ऐकलेसे करून टेप लावीत. "माणूस आपली कंबर दोन बोटं कमीच सांगतो," असे ते म्हणत, "त्यात त्याचा दोष नाही. पण आपण विचारलं, तर तो दोष आपला."

मॅट्रिकच्या परीक्षेच्या वर्षी दादामियाँ गेले. आई सुगराबी आणि दोन धाकट्या बहिणी यांची जबाबदारी अठराव्या वर्षी अंगावर आली आणि हमीदाबाई रुग्णालयाच्या कपडेखात्यात शिवणकामाला लागल्या. पंधरा वर्षे त्यांनी चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे झगे आणि मोडलेले हात गळ्यात अडकवण्याच्या झोळ्या शिवल्या. लग्नाचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा त्यांनीच तो मिटवला. बहिणींची लग्ने मात्र वेळेवर झाली.

१९७४ मध्ये संधिवात विभाग सुरू झाला. विभागप्रमुख डॉ. विजयमाला घोरपडे यांना मुठीतली ताकद मोजण्यासाठी एक कापडी पिशवी शिवून हवी होती. पद्धत सोपी होती. रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा घडी घालून पिशवीत बसवायचा, पारा विसापर्यंत चढेल इतकी हवा त्यात भरायची आणि रुग्णाने ती पिशवी मुठीत धरून सारा जीव एकवटून दाबायची. पारा जितका वर जाईल तितकी मुठीत ताकद. धडधाकट माणूस पारा सहज अडीचशेच्या पुढे नेतो. संधिवाताने बोटांचे सांधे सुजलेल्या बाईला मात्र शंभराशी पोचतानाही घाम फुटतो.

हमीदाबाईंनी पिशवी शिवली आणि शिवण कुठे काचते का ते पाहायला त्या मोजणीच्या वेळी उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांना दिसले ते असे. तरुण डॉक्टर रुग्णाला चेव आणीत. "अजून! अजून जोरात! शाब्बास!" आवडता रुग्ण असला की आवाज चढे, आणि आवाजाबरोबर पाराही चढे. दुपारी तेच डॉक्टर थकलेले असत. मग ना आवाज चढे, ना पारा. घोरपडेबाईंच्याही ते लक्षात आले होते. त्यांनी एके दिवशी पिशवी हमीदाबाईंच्या हाती दिली. हमीदाबाईंनी सहा रुग्ण मोजले आणि त्या सगळ्या वेळात तीनच शब्द उच्चारले: दाबा, सोडा, परत. दुसऱ्या आठवड्यात त्यांची कपडेखात्यातून बदली झाली.

पाच वर्षे हे काम त्यांनी एकाच शिस्तीने केले. प्रत्येक हाताच्या तीन मोजण्या, त्यांची सरासरी, वहीत नोंद. रुग्णाच्या तोंडाकडे पाहायचे नाही. कसे वाटते ते विचारायचे नाही. हे शेवटचे पथ्य त्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटे, आणि त्यामागे कारण होते. या विभागात येणारा माणूस दाराबाहेर चप्पल काढून येई. आपल्यासाठी इतकी शिकलेली बाई इतके कष्ट घेते, तिला तोंडावर 'काही फरक नाही' म्हणायचे कसे, हा त्याच्यापुढचा पेच असे. मग तो म्हणे, "बरंय. पुष्कळ बरंय." कोणी वर पुस्ती जोडी, "तुमच्या हातालाच गुण आहे, बाई." वाकड्या बोटांनी पिशवीतून पेरू काढून टेबलावर ठेवी. घोरपडेबाई पेरू ठेवून घेत आणि माणूस गेल्यावर म्हणत, "आपल्याकडे आजवर एकही माणूस बरा झाल्यावाचून राहिलेला नाही. बोटं तेवढी जिथल्या तिथे आहेत."

त्यामुळे विभागात रुग्णाच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. किंमत होती ती हमीदाबाईंच्या वहीला. बाहेरगावचे डॉक्टर आले की घोरपडेबाई ती वही पुढे सरकवीत आणि म्हणत, "ही बाई कोणाच्याही बापाला भीक घालत नाही." हमीदाबाई वर पाहत नसत, पण त्यांना ते आवडे.

१९७९ च्या जानेवारीत विभागात सोन्याची इंजेक्शने आली. सोन्याचा क्षार शरीरात गेल्यावर काही रुग्णांचा संधिवात महिनोन्महिने दबून राहतो, हे तोवर सर्वमान्य झाले होते. कोणाचा दबेल, हे मात्र आधी सांगता येत नव्हते. एका विश्वस्त संस्थेने चोवीस रुग्णांना सहा महिने पुरेल इतका साठा दिला. त्यानंतरचा पुरवठा चौदा जणांपुरताच होणार होता. तेव्हा नियम ठरला की सहा महिन्यांनी ज्यांच्या मुठीची ताकद किमान वीस टक्क्यांनी वाढलेली दिसेल त्यांनाच इंजेक्शने चालू ठेवायची. मोजणीच्या आदल्या दिवसापासून दुसरी कोणतीही दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही, असे चोवीस जणांना एकत्र बसवून सांगण्यात आले. चोवीस माना हलल्या.

त्या चोवीस जणांत लोणी काळभोरच्या सरुबाई होत्या. वय सेहेचाळीस. दोन एकर भाजीपाल्याचे रान, नवरा दत्तोबा, एक सून. चार वर्षांपासून बोटे आणि मनगटे धरली होती. खुरपे हातात राहत नव्हते, त्याचे त्यांना एवढे वाटत नव्हते. नऊवारीचा काष्टा सुनेला घालून द्यावा लागे, ते मात्र त्यांना मरणाहून वाईट वाटे. रोज सकाळी सुनेपुढे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि ती येईपर्यंत लुगडे हातात धरून ताटकळायचे.

सोमवार, १५ जानेवारीला हमीदाबाईंनी त्यांची उजवी मूठ मोजली. सरासरी आली चौऱ्याऐंशी. सोमवार, १६ जुलैला पुन्हा मोजली. आली शहाऐंशी. हमीदाबाईंनी आकडा लिहिला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. घोरपडेबाईंनी शेजारी टक्केवारी मांडली आणि नावावर रेघ ओढली. चोवीसपैकी तेरा जण नियमात बसले. यादी मंगळवारी, ३१ तारखेला संस्थेकडे जायची होती.

पुढच्या सोमवारी, २३ जुलैला, सरुबाई नेहमीच्या इंजेक्शनला आल्या आणि हे शेवटच्या काहींपैकी एक, असे त्यांना कळले. त्या तशाच घोरपडेबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. हमीदाबाई कोपऱ्यात पाऱ्याची नळी पुसत होत्या.

"डाक्टरीणबाई, माझं बंद करू नगा. मला लई बरं हाय."

"सरुबाई, तुम्हाला जानेवारीतही लई बरंच होतं. पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी."

"तवा खोटं बोलले हुते."

"आणि आता?"

"आता खरं बोलतीया."

"यंत्राला तसं वाटत नाही," घोरपडेबाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढून घेतला. त्या निर्दय नव्हत्या. त्यांच्यापुढे त्या सकाळी हेच वाक्य बोलणारी सरुबाई ही चौथी व्यक्ती होती.

सरुबाई वळल्या. दाराशी हमीदाबाई दिसताच थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण बाकावर बसलेल्या सर्वांना ऐकू गेला.

"ताई, तुमच्या त्या फुग्यानं माझं सोनं घालवलं बगा."

हमीदाबाईंनी पथ्याप्रमाणे नळी पुसणे चालू ठेवले.

"अगं चल," बाकावरून दत्तोबा उठले, "त्यास्नी कशाला बोलती? त्यांनी काय मुद्दाम केलंय का?"

"मुद्दाम न्हाई हो. पर पयल्या मोजनीचं सांगा की. तवा दोन गोळ्या गिळल्या तवा कुटं बसच्या दांडीला हात लावता आला. आन् आता नुसत्या च्यावर येतीया, दांडी धरून उभी ऱ्हातीया पूलगेटपातूर. आन् ह्यांचं यंत्र म्हनतंय, हाय तेवडंच हाय!"

हमीदाबाईंचा हात थांबला.

"कसल्या गोळ्या?" त्यांनी विचारले. पाच वर्षांत रुग्णाला विचारलेला हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

सरुबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. दत्तोबांनी छताकडे पाहिले. मग सरुबाई म्हणाल्या, "आता नाव कापलंच हाय तर सांगते. दुकानात मिळत्यात त्या. डोकं दुकतं त्याच्या. बसमदी धक्के बसत्यात, जीव जातो. दोन टाकल्या की दोन-तीन तास हात गप ऱ्हातो. तुमी नगं म्हनला हुता, ठावं हाय. पर गोळी न्हाई तर येनंच न्हाई, मंग करायचं काय?"

त्या दुपारी हमीदाबाई डबा उघडून बसल्या आणि जेवल्या नाहीत. चौऱ्याऐंशी हा आकडा खरा होता. शहाऐंशीही खरा होता. पण पहिला हात गोळ्यांनी गप्प केलेला होता आणि दुसरा स्वतःच्या बळावर आलेला होता. दोन्ही दिवशी टेप नीट लागली होती. एकदा मात्र ती कोटावरून लागली होती. आणि हे त्यांना कळले नाही, कारण त्यांनी विचारले नाही. न विचारणे हाच ज्यांचा अभिमान, त्यांच्या हातून नेमक्या त्याच अभिमानापायी एका बाईचे औषध चालले होते. हमीदाबाईंनी डब्याचे झाकण लावले आणि घोरपडेबाईंच्या खोलीत गेल्या.

सगळे ऐकून घेतल्यावर घोरपडेबाईंनी चष्मा काढला. "नाव कापल्यावर गोळ्या सगळ्यांनाच आठवतात, हमीदाबाई."

"आठवत असतील. पण त्या दांडी धरून बसनं आल्या म्हणतात. काष्टाही तिरका होता, स्वतःच घातलेला; ते मी आज पाहिलं."

"अरे वा. तुम्ही रुग्णांकडे पाहायला लागलात."

"चूक झाली असेल तर माझी झालीय, बाई. त्यांची नाही."

घोरपडेबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "एकीच्या सांगण्यावरून मी यादी बदलणार नाही. उद्या दुसरी येईल, ती आणखी काही सांगेल. चोवीसच्या चोवीस जणांचं काय ते मला दाखवा. यादी मंगळवारी जाते." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि हे खरं निघालं, तर तुमच्या पाच वर्षांच्या वहीचं काय करायचं?"

"ते नंतर बघू," हमीदाबाई म्हणाल्या, "आधी हे बघते."

त्यांनी चार दिवसांची रजा टाकली आणि पत्ते लिहून घेतले. पहिल्या दिवशी त्या कसबा, शनिवार आणि रास्ता पेठेतल्या पाच घरी गेल्या. पाचही ठिकाणी चहा मिळाला आणि पाचही ठिकाणी एकच उत्तर मिळाले. छे, छे, गोळी कशी घेऊ, तुम्ही नको म्हटलं होतंत ना. एक निवृत्त मुख्याध्यापक तर रागावलेच. "आम्ही नियम शिकवण्यात आयुष्य घालवलं, बाई. मोडण्यात नाही." ते बोलत असताना त्यांच्या पाठीमागे घड्याळाच्या फळीवर गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी दिसत होती. मुख्याध्यापक खोटे बोलत होते, असे हमीदाबाईंना वाटले नाही. ते आदर दाखवत होते. टेबलावर पेरू ठेवावा, तसे त्यांनी ते उत्तर ठेवले होते.

'घेतली होती का' असे विचारले की समोरच्याला आपली लाज राखावीशी वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न बदलला. कोथरूडला जयसिंग म्हणून एक गृहस्थ होते. वडिलार्जित शेतावर आता इमारती उठत होत्या आणि त्या उठवणाऱ्यांना विटा-वाळू पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. मुठीची ताकद चोवीस टक्क्यांनी वाढल्याने ते यादीत होते. हमीदाबाईंनी ओट्यावर टेकता टेकता सहज विचारले, "मोजायला आलात तेव्हा गोळी एक घेतली होती की दोन?"

"एकच हो. दोन कशाला?" जयसिंग म्हणाले आणि मग त्यांची जीभ चावली गेली.

"जानेवारीत की जुलैत?"

"जुलैत. जानेवारीत भावाच्या जीपनं आलो होतो, तेव्हा लागली नाही. या वेळी जीप बंद. बसनं आलो." त्यांनी हमीदाबाईंकडे रोखून पाहिले. "का? बिघडलं का काही?"

"अजून माहीत नाही," हमीदाबाईंनी खरे ते सांगितले.

'एक की दोन' हा प्रश्न घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे परत गेल्या. मुख्याध्यापकांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "अर्धी." शुक्रवारपर्यंत चोवीसही घरे झाली. त्याच आठवड्यात रमझान सुरू झाला होता. हडपसर ते लोणी, लोणी ते पूलगेट अशा दोन बसगाड्या त्यांनी रोजा धरूनच केल्या. शनिवारी सकाळी त्यांनी घोरपडेबाईंपुढे एक कागद ठेवला. रुग्णालयापर्यंत जे चालत येत त्यांच्यापैकी मुख्याध्यापकांची ती अर्धी गोळी सोडली तर कोणीही काही घेतले नव्हते. बसने येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घेतली होती. जानेवारीत अकरा जणांनी घेतली होती, जुलैत सहा जणांनी. दोन्ही वेळांची स्थिती वेगवेगळी होती असे नऊ जण निघाले.

घोरपडेबाईंनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे आपण सहा महिने औषध मोजत नव्हतो. बस मोजत होतो."

"नऊ जणांचं तसं झालंय. पंधरा जणांचं ठीक आहे."

"आता जानेवारी कुठून आणणार?"

"जानेवारी नाही आणता येणार. पण या नऊ जणांना सोमवारी बोलवू. जानेवारीत जो जसा आला होता तसा. ज्यानं दोन गोळ्या घेतल्या होत्या त्यानं दोन घ्यायच्या, त्याच वेळी, त्याच बसनं यायचं. ज्यानं घेतली नव्हती त्यानं घ्यायची नाही. मग सारखं सारख्याशी लावता येईल."

"ठीक. सोमवारी दहा वाजता पिशवी तयार ठेवा."

"मी नाही मोजणार," हमीदाबाई म्हणाल्या.

घोरपडेबाईंनी मान वर केली.

"मला सरुबाईंचा आकडा वर गेलेला हवाय, बाई. सोमवारपासून मी त्याच्याचमागे आहे. माझा हात कुठेतरी मदत करील आणि मला कळणारही नाही. तुम्ही मोजा."

"मी? मला तो फुगा धरून पाच वर्षं झाली."

"मी सांगते तसं करा. तीनच शब्द आहेत."

रविवारी दुपारी हमीदाबाईंनी कपडेखात्यातून बाद झालेली एक चादर आणली. कमरेच्या उंचीवर तिला हात जाईल एवढा काप दिला आणि त्याच्या कडा काज करतात तशा दाट टाक्यांनी पक्क्या केल्या. ती चादर दोन खांबांमध्ये टांगायची, अलीकडे रुग्ण, पलीकडे घोरपडेबाई. कापातून नुसता हात जाईल. बांगड्यांवरून बाई ओळखू येईल म्हणून त्यांनी पांढऱ्या फडक्याच्या नऊ पट्ट्या फाडल्या. प्रत्येक मनगट कोपरापर्यंत त्यात गुंडाळायचे. नावांऐवजी चिठ्ठ्यांवर क्रमांक. जुने आकडे पाकिटात बंद.

सोमवारी, ३० जुलैला, नऊ जण बाकावर ओळीने बसले. बोलायचे नाही, असे हमीदाबाईंनी तीनदा बजावले. तरीही दुसऱ्या क्रमांकाचा हात कापातून गेला आणि मागोमाग आवाजही गेला, "नमस्कार, बाई. बरंय."

"पडदे बोलत नसतात," पलीकडून उत्तर आले. बाकावर खसखस पिकली आणि लगेच थांबली.

पाचव्या क्रमांकाला सरुबाई उठल्या. सकाळी आठ वाजता दोन गोळ्या घेऊन त्या निघाल्या होत्या. हमीदाबाईंनी पट्टी गुंडाळली, हात कापाशी नेला आणि दोन पावले मागे सरल्या. पारा पलीकडे होता. अलीकडे दिसत होता तो फक्त कोपरापासून खांद्यापर्यंतचा दंड.

"दाबा."

दंड ताठ झाला. खांदा कानापर्यंत वर गेला. सरुबाईंनी डोळे मिटून दात आवळले. हमीदाबाईंच्या ओठांवर 'अजून' हा शब्द आला. ओठ कोरडे होते. त्यांनी तो शब्द गिळला.

"सोडा."

पलीकडे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज झाला.

"परत."

तीनदा तसेच झाले. सरुबाईंनी हात बाहेर काढला, तो दुसऱ्या हातात धरला आणि नजरेनेच विचारले. हमीदाबाईंनी मान हलवली: मला माहीत नाही. त्या वेळी त्यांना खरोखरच माहीत नव्हते आणि ते तसेच असावे म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला होता.

साडेअकराला पाकीट उघडले गेले. घोरपडेबाईंनी एकेक क्रमांक वाचला, हमीदाबाईंनी जुना आकडा शेजारी मांडला. पाचवा क्रमांक: एकशे दोन, एकशे सहा, एकशे चार. सरासरी एकशे चार. जानेवारीत चौऱ्याऐंशी. घोरपडेबाईंनी भागाकार स्वतः केला, मग पडताळून पुन्हा केला. जवळजवळ चोवीस टक्के.

नऊपैकी तिघे नियमात आले. आधी नियमात असलेले दोघे बाहेर गेले. तेराचे चौदा झाले.

बाहेर गेलेल्या दोघांत जयसिंग होते. गोळीवाचून त्यांचा हात जानेवारीपेक्षा फक्त बारा टक्क्यांनी सुधारला होता. हे त्यांना सांगायला घोरपडेबाई उठल्या, तेव्हा हमीदाबाई म्हणाल्या, "मी सांगते. विचारलं मी होतं."

जयसिंगांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे खरं बोललो म्हणून माझं नाव गेलं."

"हो."

"खोटं बोललो असतो तर?"

"तर इंजेक्शनं चालू राहिली असती. आणि ती तुम्हाला पुरेशी लागू पडत नाहीयेत. आणखी वर्षभर तसंच चाललं असतं आणि बोटं तोवर थांबली नसती. बाई उद्या दुसरं औषध सुरू करतायत."

"तेही तुम्हीच मोजणार?"

"मीच."

जयसिंगांनी टोपी डोक्यावर ठेवली. "गोड बोलायची पद्धत नाही वाटतं तुमच्या खात्यात," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ते आले.

सरुबाईंना बातमी दत्तोबांनी आधीच सांगितली होती; त्यांनी दाराशी उभे राहून सगळे ऐकले होते. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आधी मनगटावरची पांढरी पट्टी सोडवली, स्वतःच्या बोटांनी तिची घडी घातली आणि हमीदाबाईंच्या हाती दिली.

"पुढल्या बारीला गोळ्या खाऊन येऊ का तशीच येऊ?"

"तशाच या, मावशी. आणि खाल्ल्यात तर सांगा. मी आता विचारणार आहे."

"इचारा की. आदीच इचारलं असतं तर येवडं रामायन झालं नसतं." दत्तोबांनी त्यांना कोपराने ढोसले. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. "न्हाई, खरं तेच बोलतीया."

"खरंच आहे," हमीदाबाई म्हणाल्या.

यादी मंगळवारी वेळेवर गेली. बुधवारी हमीदाबाईंनी पाच वर्षांची वही काढली. तिच्यातील एकही आकडा त्यांनी खोडला नाही. पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी लाल शाईने लिहिले: 'या वहीतील मोजण्या घेताना रुग्णाने त्या सकाळी कोणते औषध घेतले होते ते विचारलेले नाही. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवून आकडे वापरावेत.' खाली पूर्ण सही केली आणि तारीख घातली.

घोरपडेबाईंनी ते पान पाहिले. "बाहेरचे डॉक्टर आले की मी हीच वही पुढे करते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"हे कागदावर वेगळं लिहून आत ठेवता आलं असतं."

"कागद पडतो, बाई."

घोरपडेबाईंनी पेन उचलले आणि हमीदाबाईंच्या सहीखाली आपली सही केली. मग म्हणाल्या, "आता नवी वही आणा. आणि पहिल्या रकान्याला जरा रुंद जागा सोडा. लोक एकदा सांगायला लागले की आवरत नाहीत."

हे खरे ठरले. पुढच्या महिन्यांत त्या रकान्यात गोळ्यांबरोबर गरम पाण्यात हात शेकणे, राईच्या तेलाची मालीश, एका वैद्याचा काढा आणि शेजारणीने दिलेल्या अनोळखी पुड्या अशा सर्व गोष्टी येत गेल्या. हमीदाबाई त्या जशाच्या तशा लिहून घेत, मान हलवीत नसत, रागावत नसत. लिहून झाले की पिशवी पुढे करीत आणि पुन्हा त्या तीन शब्दांपलीकडे जात नसत. कसे वाटते, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत विचारला नाही. त्याचे उत्तर अजूनही 'बरंय' असेच येईल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

सरुबाईंची इंजेक्शने पुढे दोन वर्षे सात महिने चालू राहिली. १९८२ च्या फेब्रुवारीत, सोन्यामुळे काहींना होतो तसा, त्यांच्या लघवीत दोष आढळला आणि ती कायमची बंद करण्यात आली. त्या दिवशीची त्यांच्या उजव्या मुठीची नोंद, गोळीवाचून, एकशे बावीस अशी आहे.